आगगाडीला ‘चूक’ म्हणणारी भाषा

आठवीच्या वर्गात वाहनांचे शब्द चालले होते. फळ्यावर बस, सायकल, मोटार लिहून झालं आणि मी आगगाडीचा जर्मन शब्द उच्चारला. मागच्या बाकावरून कोणीतरी फिस्सकन हसलं. काय झालं म्हणून दरडावलं, तर एक मुलगा उभा राहून म्हणाला, “मॅडम, तुम्ही ‘चूक’ म्हणालात.” मला वाटलं, पोरगं वात्रटपणा करतंय. मग तो शब्द स्वतःशीच पुन्हा म्हणून पाहिला. लिहिताना त्याच्या शेवटी ‘ग’ असतो, पण जर्मनमध्ये शब्दाच्या शेवटी आलेला ‘ग’ उच्चारात ‘क’ होतो. आणि सुरुवातीचं अक्षर, ज्याला आम्ही शिक्षक ‘टी आणि एस जोडून म्हणा’ असं इंग्रजीतून समजावतो, ते म्हणजे आपला चुलीतला, चमच्यातला ‘च’. पोरगं बरोबर होतं. जर्मन माणूस आगगाडीला जे म्हणतो ते ऐकायला आपल्या ‘चूक’सारखंच आहे.

मी तेव्हा अकरा वर्षं जर्मन शिकवत होते. त्या अकरा वर्षांत पुण्यातल्या शेकडो मराठी मुलांना मी हा आवाज परका म्हणून शिकवला होता, आणि त्यांच्यातली निम्मी दहावी होईपर्यंत ‘झूग’ म्हणत राहिली होती. मी कितीतरी प्रशिक्षणांना बसले होते. तिथे ही गोष्ट मला कोणी सांगितली नाही. सांगणाऱ्यांपैकी काहींना मराठी येत नव्हतं, आणि ज्यांना येत होतं त्यांना मराठीचा इथे काही उपयोग असेल असं वाटत नव्हतं. मलाही वाटलं नव्हतं.

शाळेत परकी भाषा शिकवणाऱ्या माणसाची व्यावसायिक वाढ कशात आहे, याचा विचार करताना आपण भलत्याच जागी शोधतो आहोत, असं माझं म्हणणं आहे. आपण शोधतो अध्यापनाच्या पद्धतीत, खेळांत, तक्त्यांत, ॲपमध्ये. शिक्षकाची स्वतःची भाषा किती जिवंत आहे आणि समोर बसलेल्या मुलांची भाषा त्याला किती कळते, या दोन गोष्टींकडे प्रशिक्षणं बघतच नाहीत. माझा अनुभव असा की परभाषेचा शिक्षक घडतो किंवा विझतो तो या दोन गोष्टींवर.

काही वर्षांपूर्वीच्या एका प्रशिक्षणाचं सांगते. संस्थेचं नाव घेत नाही, कारण कुठेही थोड्याफार फरकाने हेच घडतं. हजेरीपत्रक, फाईल, पेन, दीपप्रज्वलन. मग भाज्यांची चित्रं कापून शब्दपट्ट्या करणे, गोल करून बसणे, पट्टी ज्याच्याकडे येईल त्याने शब्द म्हणणे. खेळ वाईट नव्हता, मी तो नंतर वर्गात वापरलाही. पण दुसऱ्या दिवशी दुपारी चहाचा कप हातात घेऊन उभी असताना एक गोष्ट माझ्या लक्षात आली. आम्ही तिथे जवळजवळ चाळीस जर्मन शिक्षक होतो, आणि दोन दिवसांत भाज्यांची नावं सोडली तर एकानेही दुसऱ्याशी जर्मनमध्ये चार वाक्यं बोलली नव्हती. मीही नाही. कारण साधं होतं. बोललं असतं तर समोरच्याला माझी चूक दिसली असती. त्यालाही हीच भीती असणार.

शिकवता शिकवता भाषा गंजते, हे या व्यवसायातलं उघड गुपित आहे. युरोपीय परिषदेने २००१ साली भाषेच्या पातळ्यांची जी चौकट मांडली, तिच्या ए-१ पासून सी-२ पर्यंतच्या सहा पायऱ्यांपैकी आमच्या शाळांतली मुलं पहिल्या पायरीवर, फार तर दुसरीवर असतात. म्हणजे शिक्षकही वर्षानुवर्षं तिथेच उभा. माझं नाव, माझं कुटुंब, माझी शाळा, माझे छंद. मी गेली वीस वर्षं दर जूनमध्ये स्वतःची ओळख करून देते आहे. कॉलेजात असताना वर्तमानपत्रं वाचणारी मी, एकदा एका जर्मन पाहुणीशी पाण्याच्या टंचाईवर बोलायला गेले आणि ‘धरण’ या शब्दावर अडकले. याहून वाईट गोष्ट वह्या करतात. दीडशे वह्यांत तीच चूक दीडशेदा पाहिली की ती बरोबर वाटायला लागते. लाल पेन हातात धरून क्षणभर थांबावं लागतं, पुल्लिंगाचं ‘डेर’ की नपुंसकलिंगाचं ‘डास’? ज्याने कधी शुद्धलेखन तपासलंय त्याला हे कळेल. पण मराठीच्या शिक्षकाला शाळेबाहेर पडलं की रिक्षावाल्यापासून भाजीवालीपर्यंत दुरुस्त मराठी ऐकू येतं. माझी जर्मन शाळेच्या फाटकाशी संपते. आता फोनवर डॉयचे वेले ही जर्मन प्रसारणसेवा लागते, हे खरं. त्यामुळे ऐकायला मिळत नाही ही सबब उरलेली नाही. पण ऐकून जीभ चालत नाही.

गणिताच्या शिक्षकाचा विषय पुस्तकातही असतो. भाषेच्या शिक्षकाच्या बाबतीत वर्गापुरता विषय म्हणजे त्याचं तोंड. ते अडखळलं तर मुलांना दुसरीकडे कुठे ती भाषा भेटणार?

पद्धतीवरचा आपला भरवसा जुना आहे, आणि त्याची एक बोधप्रद कथा आपल्याच देशात घडली आहे. १९५० च्या दशकाच्या अखेरीस मद्रास राज्यात इंग्रजीच्या प्राथमिक शिक्षकांना ‘संरचना पद्धत’ शिकवायची मोहीम ब्रिटिश कौन्सिलच्या मदतीने निघाली. शिक्षक होते २७,०००. एवढ्यांना तज्ज्ञ थेट कसे शिकवणार? म्हणून तज्ज्ञांनी थोड्यांना शिकवायचं, त्यांनी पुढच्यांना, त्यांनी त्यांच्या पुढच्यांना. या योजनेला नाव मिळालं ‘मद्रासचा स्नोबॉल’, उतारावरून घरंगळत मोठा होत जाणारा बर्फाचा गोळा. मद्रासच्या उन्हात बर्फाचा गोळा मोठा होईल असं ज्याला वाटलं त्याच्या आशावादाला नमस्कार करावासा वाटतो. अशा रचनेत वरून खाली येताना काय झिरपतं हे नंतर जगभर दिसलं आहे. पोहोचतात त्या कृती, आणि त्या का करायच्या हा विचार वाटेतच राहतो. शिक्षक वाक्यांचे साचे घोकून घ्यायला शिकतात. मुलाला त्या साच्यातून काय म्हणायचं आहे, हा प्रश्न शिकून येत नाहीत.

त्याच दक्षिण भारतात या साचेबंदपणाला कंटाळून एन. एस. प्रभू यांनी १९७९ ते १९८४ या काळात काही शाळांत निराळा प्रयोग केला. तो ‘बंगलोर प्रकल्प’ म्हणून ओळखला जातो. मुलांना रेल्वेचं वेळापत्रक द्यायचं, नकाशा द्यायचा, त्यावरची कोडी सोडवायला लावायची. कोडं सुटतं तेव्हा भाषाही आत शिरते, ही त्यामागची कल्पना. या प्रयोगामुळे प्रभू जगभर पोहोचले. पण मला ते जवळचे वाटतात त्यांच्या १९९० सालच्या एका निबंधामुळे. सर्वांत चांगली पद्धत अशी काही नसतेच, आणि ती का नसते, हा त्याचा विषय. एका पद्धतीचा जनक म्हणून ज्याला लोक ओळखत होते त्यानेच हे लिहावं, यातच गंमत आहे. चांगलं शिकवणं आणि वाईट शिकवणं यांतला फरक पद्धतीत नसून, आपण हे का करतो आहोत याची शिक्षकाच्या मनातली समज जागी आहे की झोपली आहे यात असतो, असं ते म्हणतात. चांगल्या अध्यापनाचा शत्रू त्यांच्या मते यांत्रिक सवय.

आणि सवय लागते लहानपणीच. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ डॅन लॉर्टी यांनी १९७५ च्या ‘स्कूलटीचर’ या पुस्तकात हिशेब मांडला होता की शाळा संपेपर्यंत मुलाने सुमारे १३,००० तास शिक्षकांसमोर बसून काढलेले असतात. दुसरा कोणताही व्यवसाय माणूस इतका वेळ समोरून पाहत नाही. म्हणून शिक्षक शिकवतो ते त्याने बघितलेलं. माझ्या बाबतीत याचा अर्थ असा की मला जर्मन इंग्रजीतून शिकवली गेली, म्हणून मीही ती इंग्रजीतून शिकवली. शिकणारी मराठी आणि शिकवणारीही मराठी, पण दोघींच्या मध्ये इंग्रजी दुभाषी म्हणून बसलेली, आणि आम्हाला ते विचित्रही वाटलं नाही.

त्याची किंमत काय पडते ते सांगते. नववीतल्या एका मुलाने डिसेंबरात वहीत लिहिलं, ‘इश बिन काल्ट’. मी लाल रेघ मारली. त्याला म्हणायचं होतं की मला थंडी वाजते आहे. त्याने लिहिलं त्याचा अर्थ होतो, मी थंड आहे, म्हणजे थंड स्वभावाचा, कोरडा माणूस. ही चूक जवळजवळ प्रत्येक मूल करतं. मी दरवर्षी ती दुरुस्त करते आणि पुढच्या वर्षी पुन्हा येते. त्या दिवशी, आगगाडीच्या प्रकरणामुळे असेल, मी त्याला मराठीत विचारलं, “थंडी कोणाला वाजते?” तो म्हणाला, “मला.” “मग ‘मी’ कशाला लिहिलंस?” तो बघत राहिला. जर्मनमध्येही ‘मला’च म्हणतात, ‘मिअर इस्ट काल्ट’. त्याच्या घरच्या भाषेत हे वाक्य तयारच होतं. ते सोडून तो इंग्रजीच्या ‘आय ॲम कोल्ड’वर गेला, कारण त्याला मी तिथे नेलं होतं. चूक त्याच्या वहीत होती, पण ती माझी होती.

तिथून मी मोजायला लागले. ‘मला पुस्तक आवडतं’ हे जर्मनमध्ये शब्दशः तसंच आहे, आवडणारं पुस्तक कर्ता आणि आपण ‘मला’. इंग्रजी ‘आय लाइक’मधून आलेल्या मुलाला हे वाक्य उलटं वाटतं. ‘कारण मी दमलेला आहे’ याची जर्मन करताना शब्दांचा क्रमही बदलावा लागत नाही, क्रियापद शेवटी, आपल्यासारखंच. इंग्रजीतून गेलं की ते ‘शेवटी फेकायचं’ असा नियम पाठ करावा लागतो. ‘तू’ आणि ‘तुम्ही’ यांतला फरक जर्मनमध्येही आहे, इंग्रजीत नाहीच, म्हणून आम्ही तो ‘फॉर्मल’ आणि ‘इन्फॉर्मल’ असे शब्द वापरून शिकवतो. ज्या मुलाला आजोबांना अहो आणि आईला अगं म्हणायचं हे तिसऱ्या वर्षी कळतं, त्याला!

सगळ्यात गाजलेली तक्रार लिंगांची. मार्क ट्वेनने १८८० मध्ये जर्मन भाषेवर जो फर्मास खवचट लेख लिहिला, त्यात ‘मुलगी’साठीचा शब्द नपुंसकलिंगी आहे याची यथेच्छ टिंगल आहे. इंग्रजी बोलणाऱ्याला ते वेडगळ वाटणं स्वाभाविक आहे, त्याच्या भाषेत झाडा-भांड्यांना लिंगच नसतं. पण ट्वेनचं दुःख आपल्याला का व्हावं? ‘डास मेडशेन’ नपुंसकलिंगी आहे, कारण त्या शब्दाच्या शेवटी लहानपणा दाखवणारा प्रत्यय आहे आणि तो लागला की जर्मन शब्द नेहमी नपुंसकलिंगी होतो. आता मराठीत बघा. लेकरू, वासरू, कोकरू, पाखरू, पिल्लू. सगळी लहान, सगळी ‘ते’. पोरगा तो, पोरगी ती, पण दोघांना उचलून कडेवर घेतलं की ते पोरगं. जर्मनांनी जे केलं ते आपल्या आज्यांनी कधीच केलेलं आहे. हे सांगितल्यावर वर्गात जो ‘अच्छा!’ उमटतो तो कुठल्याही शब्दपट्टीने उमटत नाही. चमचा तिथे आणि इथे पुल्लिंगी, सुरी मात्र तिथे नपुंसक आणि आपल्याकडे स्त्रीलिंगी, त्यामुळे पाठांतर सुटत नाही, हे कबूल. पण या मुलांना तीन लिंगांची भीती घालायचं काही कारण नाही.

यावर दोन आक्षेप हमखास येतात. एक, मराठीत बोलत बसलात तर मुलं जर्मन कधी बोलणार? मी तासभर मराठीत बोला म्हणत नाही. मराठीचं व्याकरण शिक्षकाच्या डोक्यात हवं, एवढंच म्हणते. मग दोन मिनिटांच्या मराठीने दोन महिन्यांची लाल शाई वाचते. दुसरा, पुण्याच्या वर्गात सगळी मुलं मराठी कुठे असतात? नसतात. पण गुजरातीला आणि कोकणीलाही तीन लिंगं आहेत, आणि थंडी वाजायची तर हिंदीत ‘मुझे’, कन्नडमध्ये ‘ननगे’ म्हणतात. शिक्षकाने वर्गातल्या भाषांची यादी तरी करावी. माझ्या माहितीतल्या एकाही प्रशिक्षणाने ही यादी करायला सांगितलेली नाही.

उलट बाजूचाही एक गैरसमज आहे, की ज्याला भाषा फाडफाड येते तो आपोआप शिक्षक. आयटीमुळे पुण्यात आता जर्मनीत चार-पाच वर्षं राहून आलेली बरीच मंडळी आहेत आणि शाळा त्यांना आनंदाने घेतात. अशी एक सहकारी माझ्याकडे होती, उच्चार असे की ऐकत राहावं. मुलाने विचारलं, असं का? ती म्हणायची, “असंच बोलतात.” तिला खरंच माहीत नव्हतं. आणि आम्हा गंजलेल्यांना ‘का’ माहीत होतं, पण बोलता येत नव्हतं. आम्ही दोघी एका स्टाफरूममध्ये दोन वर्षं बसलो, डबे खाल्ले, आणि एकमेकींना काहीही शिकवलं नाही. त्यासाठी वेळापत्रकात जागा नव्हती.

जागेचं म्हणाल तर २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने प्रत्येक शिक्षकाला वर्षाला ५० तास व्यावसायिक विकासासाठी द्यायला सांगितलं आहे. चांगलं आहे. याच धोरणात माध्यमिक पातळीवर कोरियन, जपानी, जर्मन, फ्रेंच, पोर्तुगीज अशा भाषा देण्याचंही म्हटलं आहे. पण तास मोजायचे तर मोजण्याजोगं काहीतरी लागतं, म्हणून व्हिडिओ बघणं, प्रश्नमंजूषा सोडवणं आणि प्रमाणपत्र डाउनलोड करणं हे मोजलं जातं. शिक्षकाने एक जर्मन कादंबरी वाचली, तर ती कुठल्या रकान्यात भरायची? जर्मन भाषा शिकवणाऱ्या गोएथे इन्स्टिट्यूटच्या शिक्षक-अभ्यासक्रमात एक चांगला भाग आहे, तो म्हणजे शिक्षकाने स्वतःच्या वर्गाविषयी एक छोटा प्रश्न घ्यायचा आणि त्याचा छडा लावायचा. मी त्या निमित्ताने माझा ३५ मिनिटांचा तास फोनवर ध्वनिमुद्रित केला होता. ऐकताना लाज वाटली. बोलत होते ती बहुतेक मीच, आणि विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर मला आधीच ठाऊक होतं. ‘तुझं नाव काय?’ जिला मी तीन वर्षं नावाने हाक मारते, तिला.

मुख्याध्यापकांना हे सांगायला गेले, तर ते म्हणतात, निकाल शंभर टक्के लागतो, मग सुधारायचं काय? त्यांचंही चूक नाही. आपल्याकडे दहावीला जर्मन घेतात ती गुण खेचण्यासाठी, संस्कृतसारखीच. लेखी परीक्षेला शिक्षकाचा उच्चार लागत नाही. शिवाय या विषयाचे शिक्षक बरेच ठिकाणी तासांवर, कंत्राटावर असतात. २०११ मध्ये केंद्रीय विद्यालय संघटनेने गोएथे इन्स्टिट्यूटशी करार करून सहावी ते आठवीला तिसरी भाषा म्हणून जर्मन आणली, शिक्षक तयार केले, आणि नोव्हेंबर २०१४ मध्ये, वर्ष अर्ध्यावर असताना, ती जागा संस्कृतला दिली गेली. सुमारे ५०० शाळा आणि सत्तर हजारांवर मुलं. संस्कृत की जर्मन हा वाद दूरदर्शनच्या पडद्यांवर भरपूर झाला. ज्यांनी दोन-तीन वर्षं खपून स्वतःला या कामासाठी घडवलं होतं त्या शिक्षकांचं काय, हे फार कोणी विचारलं नाही. पुढच्या जूनमध्ये आपला विषय असेल की नाही हे ज्याला माहीत नाही, त्याने स्वतःवर पदरचे पैसे आणि रविवार का घालवावेत?

तरीही काही जण घालवतात. महाराष्ट्रात इंग्रजीच्या प्राथमिक शिक्षकांसाठी ब्रिटिश कौन्सिल, टाटा ट्रस्ट आणि राज्य सरकार यांनी ‘तेजस’ प्रकल्पात जवळपासच्या शाळांतल्या शिक्षकांचे छोटे गट केले होते. वरून तज्ज्ञ येण्याऐवजी त्यांच्यातलाच एक जण गट चालवायचा. मला त्यातलं गटाचं लहानपण आवडतं. चाळिसांसमोर चुकायला जी भीती वाटते ती चौघांत वाटत नाही.

आम्ही चौघी-पाच जणी महिन्यातून एका शनिवारी कोथरूडला एकीच्या घरी जमतो. नियम दोनच. दार उघडल्यापासून चहा होईपर्यंत जर्मनच बोलायचं, कितीही मोडकी असो. आणि प्रत्येकीने मुलांच्या वहीतली एक चूक आणायची, जी का झाली ते तिला कळलेलं नाही. सध्या एरिश केस्टनरची ‘एमिल आणि गुप्तहेर’ ही १९२९ सालची बालकादंबरी वाचतो आहोत. एमिल बर्लिनला निघाला आहे, आईने दिलेले पैसे कोटाच्या आत टाचणीने टोचून ठेवलेत, आणि डब्यात त्याला डुलकी लागते. वाचता वाचता मी आगगाडीचा तो जर्मन शब्द म्हणाले, तर आमच्यातली सर्वांत लहान शिक्षिका हसली. तिला मी कधी ती गोष्ट सांगितली नव्हती. तिने या वेळी आणलेली वही अजून टेबलावर आहे. तिच्या वर्गातल्या एका मुलीने आजीला ‘डास’ लावला आहे. तिघींचं म्हणणं, निव्वळ गोंधळ. मला वाटतं तिच्या घरी आजीविषयी ‘म्हातारं’ असं मायेने बोलत असतील. सोमवारी त्या मुलीला विचारायचं ठरलं आहे.